वेळ असलेला माणूस

रूलॉफ वेसलिंक दरवर्षी डिसेंबरच्या अखेरीला नव्या वर्षाचे संकल्प करायचा आणि ते ठसठशीत अक्षरांत छापून संडासाच्या भिंतीवर, नातेवाइकांच्या वाढदिवसांच्या कॅलेंडरशेजारी चिकटवायचा. वाढदिवसांचं कॅलेंडर त्या गावात सगळ्यांच्याच संडासात असतं, तेव्हा जागा चुकीची होती असं म्हणता येणार नाही. माणूस तिथे निवांत बसतो आणि समोर जे असेल ते वाचतो. पण त्यामुळे रूलॉफला किती वजन उतरवायचंय, चीज किती कमी करायचंय आणि कुठल्या मेहुण्याशी सबुरीने वागायचंय, हे घरी कॉफीला आलेल्या प्रत्येकाला पाठ असायचं. पाहुणे संडासातून बाहेर यायचे ते त्याच्या पोटाकडे बघतच. तो मेहुणा तर एकदा बराच वेळ बाहेरच आला नव्हता.

यंदा नाताळ झाला आणि त्याच्या बायकोने, खेर्डीनने, तो कागद टराटरा ओढून काढला.

"अगं, वर्ष संपायचंय अजून!"

"तू स्पॅनिश शिकणार होतास. एक वाक्य बोलून दाखव."

रूलॉफने डोळे मिटून आठवलं. "बिल आणा," तो स्पॅनिशमध्ये म्हणाला.

"वा. पुरे झाले संकल्प." खेर्डीनने कागदाचा बोळा केला. "संकल्प म्हणजे आपणच आपल्याला ठोठावलेला दंड, असं आमच्या योगाच्या बाई म्हणतात. यंदा फक्त मनाची ओढ."

"ओढ म्हणजे?"

"येत्या वर्षात आपल्याला मनापासून कसं व्हावंसं वाटतंय, ते. त्यात आकडे नाहीत, तारखा नाहीत आणि कागद तर नाहीच नाही."

"मग ती पुरी झाली की नाही, हे कळणार कसं?"

"नाही कळलं तरी चालतं."

रूलॉफची सगळी नोकरी विमा कंपनीत, नुकसानभरपाईच्या टेबलावर गेली होती. फुटलेली काच असो, गळका पाइप असो, नाही तर कुत्र्याने खाल्लेलं ऐकण्याचं यंत्र, सगळ्याचा पुरावा मागून तो निवृत्त झाला होता. 'नाही कळलं तरी चालतं' हे वाक्य त्याने आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं.

तरी त्याने मनावर घेतलं. एकतीस तारखेला दुपारी मागच्या अंगणातल्या शेडमध्ये तो ऑलिबोल तळत उभा होता. मनुका घातलेल्या पिठाचे ते गोळे घरात तळले तर पडद्यांना ईस्टरपर्यंत वास येतो, म्हणून ही कामगिरी नवऱ्यांची आणि शेडमधली. तळता तळता तो स्वतःच्या मनाची ओढ शोधत होता. ओढ काही सापडत नव्हती आणि गोळे करपत होते. दरवर्षी करपले की कुंपणापलीकडून फेन्नाचा आवाज यायचा, "रूलॉफ, धूर तुझा की फटाक्यांचा?" यंदा आवाज आला नाही. फेन्ना ऑक्टोबरात गेली होती. पलीकडच्या स्वयंपाकघरात दिवासुद्धा नव्हता, आणि तिचा नवरा लुबर्ट आत होता हे रूलॉफला पक्कं ठाऊक होतं.

लुबर्ट आणि रूलॉफ भिंतीला भिंत लावून इतकी वर्षं राहत होते की एकाला शिंक आली तर दुसरा रुमाल शोधायचा. पण फेन्नाच्या अंत्यविधीला रूलॉफ गेला, रिवाजाप्रमाणे कॉफीबरोबर दिलेला केकचा तुकडा खाल्ला, "काही लागलं तर सांग हं" असं म्हणाला, आणि तेव्हापासून त्याने लुबर्टचं दार वाजवलं नव्हतं. वाजवून म्हणायचं काय? कसा आहेस? कसा असणार! रूलॉफ शब्द शोधत राहिला, आठवडे गेले, आणि शब्द सापडेनात तसतसं दार वाजवणं अधिकच अवघड होत गेलं. शेवटी शेवटी तर तो कचऱ्याचा डबासुद्धा लुबर्ट बाहेर नाही हे पडद्याआडून बघूनच रस्त्यावर नेऊ लागला. माणूस असा वाईट नसतो, पण असा असतो खरा.

एक तारखेला दुपारी सगळी गल्ली समोरच्या होर्स्टबाईंकडे जमली. होर्स्टबाई वयाने गल्लीत सगळ्यांत मोठ्या. त्यांच्याकडे एक मांजर, एक चाकांचा वॉकर आणि प्रत्येक गोष्टीवर एक मत होतं. उरलेले ऑलिबोल सगळ्यांनी सगळ्यांना वाढले आणि सगळ्यांनी 'नको नको' म्हणत खाल्ले. लुबर्ट आला नव्हता.

"काय मग शेजारी," कोपऱ्यावरच्या बेरेंटने विचारलं, "यंदा संडासात काय लावलंय?"

सगळे हसले. जुनी लाकडं, दारं, खिडक्या विकत घ्यायच्या आणि मग त्या विकवत नाहीत म्हणून रडायचं, असा बेरेंटचा धंदा होता. रूलॉफला त्याचं हसणं लागलं.

"यंदा संकल्प नाहीत," तो ताठ बसून म्हणाला. "यंदा मला..." आणि काय म्हणणार हे त्याला स्वतःलाही माहीत नव्हतं. समोर खिडकी होती, खिडकीतून लुबर्टचं बंद दार दिसत होतं. "मला माणसांसाठी वेळ असलेला माणूस व्हायचंय."

खेर्डीनने नवऱ्याकडे अशा नजरेने पाहिलं, की तशी नजर त्याने मुलीच्या जन्मानंतर पाहिली नव्हती.

"फार छान," होर्स्टबाई म्हणाल्या. "मग गुरुवारी माझ्या मांजरीला डॉक्टरकडे नेता का?"

"तसं नव्हे हो बाई. म्हणजे नेईन. पण तसं नव्हे."

"मग कसं?" बेरेंट म्हणाला. "वेळ आहे म्हणजे करणार काय?"

इथे रूलॉफने "काही नाही" म्हणून गप्प बसायला हवं होतं. खेर्डीन टेबलाखालून पायाने तेच सुचवत होती. पण भर सभेत 'काही नाही' म्हणायला छाती लागते. "बाक," रूलॉफ म्हणाला. "घरापुढे बाक टाकणार. मी बसणार. ज्याला बोलायचं त्याने येऊन बसावं. वेळ घ्यायला नको, डायरी बघायला नको."

गल्लीत एकमेकांकडे जायचं तर तीन आठवडे आधी डायऱ्या काढून दिवस ठरवायची पद्धत होती. त्यामुळे ही कल्पना ऐकून लोक जरा हादरलेच. मग सल्ले सुरू झाले. बाक हिरवा नको, हिरवा सरकारी वाटतो. पाठीचा हवा, बिनपाठीच्या बाकावर तरुण पोरं येऊन बसतात. ("मग बसू देत की," खेर्डीन म्हणाली. "आज बसतील," होर्स्टबाई म्हणाल्या, आणि पुढचं ज्याचं त्याने समजून घ्यावं असं थांबल्या.) आणि बेरेंट उठून उभाच राहिला. "विकत घेशील तर याद राख. माझ्याकडे आहे एक."

जे होतं ते एका बंद पडलेल्या चर्चमधलं होतं. आठवड्याभरात बेरेंट ते ट्रेलरवर घालून घेऊन आला तेव्हा ट्रेलर एका कोपऱ्यावर आणि बाकाचं टोक दुसऱ्या कोपऱ्यावर होतं. काळं, जुनं ओकचं लाकूड, माणसाला दोन तास झोप लागू नये अशी ताठ उंच पाठ, आणि मागे प्रार्थनेची पुस्तकं ठेवायची फळी.

"बेरेंट, हा घरापेक्षा मोठा आहे," रूलॉफ म्हणाला.

"थोडासा."

"कापता येईल का?"

बेरेंटने छातीवर हात ठेवला. "शंभर वर्षं लोकांनी यावर बसून आपली पापं आठवली आहेत. आणि तू कापणार?"

बाक भिंतीला लागला. रूलॉफची खिडकी खालून अर्धी झाकली, खेर्डीनची जिरेनियमची झाडं अंधारात गेली, आणि उरलेला भाग लुबर्टच्या घरापुढे सरकला. सरकेना का, रूलॉफला वाटलं. लुबर्टचे पडदे अर्धे ओढलेलेच असतात.

दुसऱ्या दिवसापासून रूलॉफ माणसांसाठी उपलब्ध झाला. जानेवारीतली ती हवा म्हणजे थंडीही धड नाही आणि पाऊसही धड नाही, ओलं फडकं तोंडावर वाळत घातल्यासारखी. एकावर एक दोन पँट, टोपी, मफलर चढवून आणि कॉफीचा थर्मास घेऊन तो बाकावर बसला. त्याच्या बाजूला पन्हळ गळत होती, म्हणून तो सरकत सरकत पार दुसऱ्या टोकाला गेला.

लोक आले. पण बोलायला नव्हे.

"किल्ली आत राहिली का?" पहिल्या बाईंनी विचारलं.

"नाही नाही. बसलोय."

"अहो, लाजायचं काय त्यात! आमचे हेही दोनदा अडकलेत. कुलूपवाल्याचा नंबर देऊ?"

पार्सलवाल्याने रूलॉफच्या मांडीवर गल्लीतली सगळी पार्सलं ठेवली आणि निघून गेला. दोन विद्यार्थिनींनी त्याला प्रेमाने विचारलं, की आजोबा, तुम्ही कुठे राहता ते आठवतंय ना? रूलॉफने आपल्या घराच्या दाराकडे बोट दाखवलं, तर त्यांनी ते दार वाजवून खेर्डीनला बोलावलं आणि "हे तुमचे आहेत का?" असं विचारून खात्री करून घेतली.

"आहेत," खेर्डीन म्हणाली. "राहू देत तिथेच."

हे 'राहू देत तिथेच' समोरून होर्स्टबाईंनी ऐकलं. संध्याकाळपर्यंत गल्लीला कळलं, की वेसलिंकांच्या बाईंनी नवऱ्याला घराबाहेर काढलंय. मग मात्र लोकांना खरोखरच वेळ मिळाला. होर्स्टबाई वॉकर ढकलत वाटाण्याचं दाट सूप घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "खा. पुरुषाने आधी माफी मागावी. कशाबद्दल ते नंतर विचारावं." बेरेंटने आपल्या गोदामात खाट असल्याचं सांगितलं. रात्री मुलीचा फोन आला.

"बाबा, तुझं आणि आईचं बरं चाललंय ना?"

"उत्तम चाललंय! का?"

"मग तू रस्त्यावर का बसतोस?"

"कारण मला माणसांसाठी वेळ आहे!" रूलॉफ ओरडला.

"आईला दे," मुलगी म्हणाली.

खेर्डीनने फोनवर बरंच हसून घेतलं आणि मग नवऱ्याजवळ येऊन बसली. "अरे, तुझी ओढ किती गोड होती. तू तिचं ऑफिस केलंस. बसायच्या वेळासुद्धा ठरवल्यास."

"लोकांना कळायला नको?"

"मला एक सांग. त्या दिवशी ते बोललास तेव्हा डोळ्यांपुढे कोण होतं?"

रूलॉफने थर्मास घासायला घेतला. तो आधीच घासलेला होता.

नगरपालिकेचं पत्र आलं ते अशा अवघड वेळी. फूटपाथवर विनापरवाना वस्तू आढळली असून नागरिकाची तक्रार आहे. रूलॉफचा संताप संताप झाला. गल्लीत आपल्याविरुद्ध तक्रार! त्याने होर्स्टबाईंना पत्र दाखवलं.

"मीच केली ती," होर्स्टबाई शांतपणे म्हणाल्या. "माझा वॉकर जात नाही. पण तुमच्याविरुद्ध नाही हो, बाकाविरुद्ध केलीय. सूप आवडलं का?"

नगरपालिकेत मेरेल नावाची तरुण मुलगी होती, अतिशय गोड स्वभावाची. अशा माणसांवर रागावता येत नाही, आणि तिथेच सगळी गोची होते.

"बाकाचा उद्देश काय लिहू?" तिने संगणकाकडे बघत विचारलं. "विश्रांती, जाहिरात, की खाद्यपेय व्यवसाय?"

"लोकांशी बोलणं."

"तो पर्याय नाहीये. 'इतर' टाकू?" तिने 'इतर' टाकलं. यंत्राने जरा विचार केला. "अरे देवा. 'इतर' टाकलं की ते आपोआप खाद्यपेयात जातं. तुम्ही मद्य देणार आहात का?"

"कॉफी. घरची. फुकट."

"फुकट?" मेरेलचा चेहरा पडला. "मग परवाना कशाचा देणार?"

रूलॉफने तिला समजावलं. आयुष्यभर टेबलाच्या पलीकडच्या बाजूला बसलेल्या माणसाला अलीकडच्या खुर्चीवर बसून समजावताना जे वाटतं, ते सांगण्यासारखं नसतं. खुर्ची मुद्दाम बुटकी ठेवतात अशी त्याला शंका आली. शेवटी मेरेलने तोडगा काढला. ती स्वतः येऊन जागा बघेल, वॉकरला वाट राहते का ते मोजेल, मग बघू. "आणि हो," ती म्हणाली, "बाक शेजाऱ्यांच्या घरापुढेही जातोय. त्यांची सही लागेल. शेजारीच आहेत ना? मग काही प्रश्न नाही."

रूलॉफ सायकल हातात धरून चालतच घरी आला.

सही आणायला तो लगेच गेला नाही. आधी त्याने पन्हळ दुरुस्त केली. मग होर्स्टबाईंच्या मांजरीला डॉक्टरकडे नेलं, मांजर गुरुवारीच बरी झालेली असूनसुद्धा. शेवटी मेरेल यायचा दिवस उजाडला, तेव्हा खेर्डीनने त्याचा कोट त्याच्या हातात दिला.

त्याने बेल वाजवली. आत बराच वेळ काही हाललं नाही. मग दार उघडलं. लुबर्ट दारात उभा होता. दाढी वाढलेली, आणि स्वेटरची बटणं एकेक घर सोडून लावलेली. संगीताचा मास्तर होता तो शाळेत, नेहमी टापटीप. रूलॉफच्या मनात इतक्या महिन्यांचे शब्द एकदम गोळा झाले आणि त्यातला एकही बाहेर येईना. म्हणून जे हातात होतं ते त्याने पुढे केलं.

"बाकाची सही हवीय," तो म्हणाला. "तुझ्या बाजूला येतो. थोडासा."

लुबर्टने कागद घेतला, वाचला, परत दिला.

"नाही."

"काय नाही?"

"सही. करणार नाही." आणि दार लावून घेतलं.

रूलॉफ पायरीवर उभा राहिला. अपमानाची एक गंमत असते. दुःखापुढे माणूस गप्प होतो, पण अपमान झाला की त्याला कंठ फुटतो. त्याने बेलवर अंगठा ठेवला तो काढलाच नाही. दार उघडलं.

"का करणार नाहीस?" रूलॉफ गरजला. "एवढी वर्षं शेजारी राहिलो! तुझ्या पियानोबद्दल मी कधी चकार शब्द काढला? एक बाक तुला चालत नाही?"

"नाही चालत!" लुबर्टही गरजला. तो आवाज बऱ्याच दिवसांत वापरलेला नव्हता, आधी खरखरला आणि मग नीट चढला. "आत ये! ये, ये आत! तुला दाखवतोच!"

त्याने रूलॉफला दंडाला धरून पुढच्या खोलीत नेलं आणि खिडकीजवळच्या बुटक्या खुर्चीत अक्षरशः ढकललं. पिवळ्या कापडाची ती खुर्ची फेन्नाची. ती तिथे बसून विणायची, आणि गल्लीतून जाणाऱ्या प्रत्येकाला हात करायची.

"काय दिसतंय?" लुबर्टने विचारलं.

समोर काळं ओकचं लाकूड दिसत होतं. पुस्तकं ठेवायची फळी दिसत होती. रस्ता दिसत नव्हता.

"तिची खुर्ची आहे," लुबर्ट म्हणाला. "ती गेल्यापासून मी सकाळी इथे बसतो. तिला काय दिसायचं ते बघत. होर्स्टबाईंची मांजर, शाळेत जाणारी पोरं. तेवढंच होतं. आणि आता काय बघतो मी? तुझी टोपी! सकाळपासून संध्याकाळपर्यंत तुझी टोपी! मध्ये मध्ये तू थर्मास उचलतोस, तेव्हा थर्मास!"

रूलॉफने डोक्यावरची टोपी काढली. "अरे, मग सांगितलं का नाहीस?"

"सांगायला बाहेर यावं लागलं असतं."

रूलॉफ त्या खुर्चीतून उठला, घरी गेला, आणि करवत घेऊन आला.

"बेरेंट रडेल," लुबर्ट दारातून म्हणाला.

"रडू दे. तुझ्या भिंतीच्या कडेला कापतो. तू नुसता धर."

लुबर्टने कोट शोधला. तो बाहेर आला, हे समोरच्या खिडकीत होर्स्टबाईंना दिसलं आणि त्यांनी मांजरीलाही उचलून दाखवलं. दोघांनी बाक भिंतीपासून ओढला आणि करवत लावली. शंभर वर्षांचं ओक म्हणजे काय चीज असते ते तेव्हा कळलं. आधी रूलॉफने कापलं, मग लुबर्टने, मग दोघांनी करवतीच्या दोन बाजू धरल्या आणि एकमेकांच्या चुका काढत कापलं.

"ओढ म्हटलं की ओढायचं. ढकलतोस काय!"

"ताल पकड, ताल. एक, दोन. एक, दोन. शाळेतली पोरंसुद्धा याच्यापेक्षा बरी होती."

कापता कापता लुबर्ट बोलत होता. फेन्ना शेवटी शेवटी दवाखान्यात नर्सबाईंना विणकाम शिकवत होती, हे त्याने सांगितलं. तिचा अर्धा स्वेटर तसाच आहे, सुया घातलेला, आणि तो कुठे ठेवावा हे कळत नाही म्हणून तो पलंगावर तिच्या बाजूला आहे, हेही सांगितलं. त्याने हे रूलॉफकडे न बघता, करवतीच्या पात्याकडे बघत सांगितलं. रूलॉफने उत्तर द्यायच्या ऐवजी करवत ओढली. दर वेळी ती परत गेली की लुबर्ट आणखी थोडं बोलायचा.

तुकडा तुटून धाडकन फूटपाथवर पडला. बेरेंट धावत आला, त्याने पाहिलं, तोंडावर हात ठेवला, आणि तो तुटलेला तुकडा आजारी माणसाला न्यावा तसा उचलून घेऊन गेला. रूलॉफ आणि लुबर्टने उरलेला बाक सरळ भिंतीला लावला; मागची फळी रूलॉफच्या खिडकीच्या कठड्यावर टेकली, म्हणून तो उभाही राहिला. हात झटकले. खिडकी मोकळी झाली होती.

"बस," रूलॉफ म्हणाला. "उद्घाटन कर."

दोघेही ऐटीत एकदम बसले, लुबर्ट कापलेल्या टोकाला आणि रूलॉफ त्याला खेटून. आणि तेव्हा दोघांच्याही एक गोष्ट लक्षात आली, की चर्चच्या बाकाला पाय असतात ते दोन टोकांना. एका टोकाचे पाय बेरेंट नुकताच घेऊन गेला होता.

बाक लुबर्टच्या बाजूने खाली गेला. दोन म्हातारे पुरुष ओल्या फूटपाथवर एकावर एक पडले, आणि बाकाची उंच पाठ हळूच, अगदी सभ्यपणे, त्यांच्या अंगावर येऊन टेकली. मग खालून कुणीतरी खोकल्यासारखं केलं. रूलॉफ घाबरला.

"लुबर्ट! लागलं का? लुबर्ट!"

लुबर्ट हसत होता. आधी नुसतं पोट हलत होतं, मग खांदे, मग डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि ते थांबेना. आता ते हसण्याचं होतं की दुसरं कशाचं, हे त्याचं त्यालाही कळत नसावं. रूलॉफने बाकाखालून कसाबसा हात काढला आणि त्याच्या पाठीवर ठेवला.

"मला काय बोलावं ते कळत नव्हतं रे," तो म्हणाला. "म्हणून आलो नाही."

"मलाही कळत नाही," लुबर्ट डोळे पुसत म्हणाला. "सगळे येतात ते मान वाकडी करून येतात, हळू आवाजात बोलतात. मला वाटायला लागलं मीच मेलोय. आज पहिल्यांदा कुणीतरी माझ्याशी भांडलं. चल, ऊठ. कॉफी करतो. कपबश्या धुतलेल्या नाहीत, सांगून ठेवतो."

"धू की मग."

"तू धू. मी पुसतो."

मेरेल आली तेव्हा फूटपाथवर मोठा थोरला बाक एका कुशीवर पडलेला होता, सगळीकडे लाकडाचा भुसा होता, आणि शेजारून वॉकर घेऊन एक म्हातारी बाई मजेत ये-जा करून दाखवत होती. मेरेलने मोजपट्टी काढली, परत ठेवली, आणि वेसलिंकांची बेल वाजवली. खेर्डीन बाहेर आली.

"वेसलिंकसाहेब आहेत का? मला त्यांची वेळ दिलेली आहे."

खेर्डीनने शेजारच्या खिडकीकडे पाहिलं. पडदे पूर्ण उघडे होते. खोलीत रूलॉफ एका लाकडी खुर्चीवर बसला होता आणि लुबर्ट पिवळ्या खुर्चीत. लुबर्ट हातवारे करून काहीतरी सांगत होता. मध्येच त्याची नजर रस्त्यावर गेली, आणि त्याने बोलणं न थांबवता खिडकीतून दोघींना हात केला.

"ते कामात आहेत," खेर्डीन म्हणाली.

"किती वेळ लागेल साधारण? मी थांबते."

"नका थांबू हो," खेर्डीन म्हणाली, आणि तिने मेरेलसाठी आपलं दार उघडं धरलं. "आत या. कॉफी टाकलीय. त्यांचं आज काही आवरत नाही."